पैशाचें शास्त्र आणि परकी भाषा

गेल्या उन्हाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलीला बरोबर घेऊन माझ्याकडे आला. मुलगी नुकतीच बारावीची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालेली. गणितांत विशेष हुषार. तिनें विद्यापीठांत वित्तीय अर्थशास्त्र शिकावें याविषयीं बापलेकींत मतभेद नव्हता. वाद होता तो त्याच्या पुढचा. मुलीला त्या विषयाच्या जोडीला जर्मन भाषा घ्यावयाची होती आणि वडिलांना तें मुळींच पसंत नव्हतें. "गुरुजी, पैशाचा हिशेब शिकायला परक्यांची बाराखडी कशाला हवी? सगळें इंग्रजींत मिळतें. उरलेलें यंत्र भाषांतर करून देतें. तेवढ्या वेळांत ही दुसरें कांहीं उपयोगाचें शिकेल," असें त्याचें म्हणणें. मुलगी बिचारी "मला ती भाषा आवडते" यापलीकडे कांहीं सांगूं शकत नव्हती.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढें शिकलों नाहीं. तेव्हां विद्यापीठांतील अभ्यासाचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाहीं, हें ओळखून मीं त्यांच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या अवधींत पुस्तकें चाळलीं, जाणत्यांना विचारलें, आणि जें हातीं लागलें तें त्या दोघांना सांगितलें. असाच प्रश्न आज पुष्कळ घरांत निघत असेल, म्हणून तेंच आपल्यापुढें ठेवीत आहें.

प्रथम हें वित्तीय अर्थशास्त्र म्हणजे काय तें पाहूं. सामान्य अर्थशास्त्र धान्य, कापड, मजुरी यांच्या किंमती कशा ठरतात याचा विचार करतें. वित्तीय अर्थशास्त्र विचार करतें तो वचनांच्या किंमतीचा. कर्जरोखा हें एक वचन आहे. कंपनीचा शेअर हें दुसरें. विम्याचा कागद हें तिसरें. वचन आज दिलें जातें आणि पाळलें जातें उद्यां. म्हणून या शास्त्राला दोन गोष्टींशीं सामना करावा लागतो, एक काळ आणि दुसरी अनिश्चितता. दहा वर्षांनीं मिळणाऱ्या १००० रुपयांची किंमत आज १००० नसते. व्याजाचा दर शेंकडा ७ धरला तर ती सुमारें ५०८ रुपये भरते, कारण आजचे ५०८ रुपये चक्रवाढीनें दहा वर्षांत हजार होतात. ही झाली काळाची बाब. परंतु ते हजार रुपये मिळतीलच अशी खात्री नसेल तर? मग संभवाचें गणित, म्हणजे अमुक गोष्ट घडण्याचा योग किती हें मोजण्याची विद्या, हातीं घ्यावी लागते. म्हणून या अभ्यासाला कलनशास्त्र, संभवशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची भक्कम बैठक लागते. ज्याला गणिताचा कंटाळा त्यानें या वाटेस जाऊं नये.

आतां वडिलांच्या आक्षेपाकडे वळूं. आंकड्यांना भाषा नसते, ही आपली सर्वांचीच समजूत. पण पहिली ठेंच लागते ती आंकड्यांनाच. आपण दीड लिहितांना १.५ असें टिंब देऊन लिहितों. जर्मन माणूस तेथें स्वल्पविराम देतो, आणि टिंब वापरतो तें हजार वेगळे दाखविण्यासाठीं. जर्मन ताळेबंदांत १.५०० असें दिसलें तर तें दीड नव्हे, दीड हजार. त्याहून मोठा खड्डा 'बिलियन' या शब्दांत आहे. इंग्रजींत आज बिलियन म्हणजे आपला अब्ज, शंभर कोटी. जर्मन व फ्रेंच भाषांत अब्जाला 'मिलिआर्ड' म्हणतात, आणि तेथला 'बिलियन' असतो एक लक्ष कोटींचा, म्हणजे इंग्रजीच्या हजारपट! खुद्द इंग्लंडांतहि १९७४ पर्यंत सरकारी भाषेंत हाच मोठा बिलियन चाले. १९२३ सालीं जर्मनींत चलनाचा धुव्वा उडाला, त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत एका डॉलरला ४.२ जर्मन बिलियन मार्क पडत, म्हणजे चार लक्ष वीस हजार कोटी. हाच आंकडा कोणी इंग्रजी बिलियन समजून वाचील तर त्या आपत्तीचा हजारावा हिस्साच त्याच्या पदरीं पडेल.

आंकड्यांची ही गत, मग शब्दांची काय वर्णावी? फ्रेंच बाजारांत 'अॅक्सिआँ' म्हणजे कृति नव्हे, कंपनीचा शेअर. आणि 'ऑब्लिगासिआँ' म्हणजे उपकार किंवा बंधन नव्हे, कर्जरोखा. हे दोन्ही शब्द लिहावयाचे ते इंग्रजी शब्दांसारखेच. म्हणून इंग्रजी जाणणाराच तेथें अधिक फसतो. फ्रेंच लोक भागभांडवलाच्या कंपनीस 'सोसिएते आनोनीम', शब्दशः 'निनांवी मंडळी' म्हणतात. ऐकून वाटतें, हा कांहीं लपवाछपवीचा धंदा असावा. तसें कांहीं नाहीं. १८०७ च्या फ्रेंच व्यापारी कायद्याप्रमाणें अशा कंपनीला भागीदारांपैकीं कोणाचेंहि नांव देतां येत नसे. तिला तिच्या उद्योगावरून ओळखावयाचें. 'अमुक आणि मंडळी' ही जी भागीदारीची पेढी तिच्याहून ही निराळी, एवढाच भेद. म्हणजे एका शब्दांत कंपनी कायद्याचें एक सबंध प्रकरण दडलेलें आहे.

जर्मन भाषेंत 'शुल्ड' असा एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ दोष किंवा अपराध आणि दुसरा अर्थ ऋण. बहुवचन केलें कीं 'शुल्डेन', म्हणजे कर्जें. आपल्याकडे ऋण या शब्दाची दुसरी बाजू अपराधाची नाहीं, कृतज्ञतेची आहे. आभार मानतांना आपण 'मी आपला ऋणी आहें' असें म्हणतों, आणि देवऋण, पितृऋण हीं तर भूषणें मानतों. एका शब्दावरून राष्ट्राचें धोरण ठरतें असें मी म्हणत नाहीं. परंतु २००९ सालीं जर्मनीनें सरकारी कर्जाला मर्यादा घालणारा नियम आपल्या राज्यघटनेंत घातला, त्याला लोक 'कर्जाचा ब्रेक' म्हणतात. मध्यवर्ती सरकारच्या तुटीला त्यांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेंकडा ०.३५ एवढीच जागा ठेविली होती. २०२५ मध्यें संरक्षणखर्चासाठीं तो नियम सैल करतांना त्या देशांत केवढा वाद माजला! तो वाद नुसता हिशेबाचा नव्हता. कर्ज काढणें बरें कीं वाईट, या नीतीच्या प्रश्नाचा होता. ज्याला ती भाषा येते त्याला त्या वादाची धग लागते. इतरांना फक्त त्याचा निकाल कळतो.

आतां थोडा इतिहास पाहूं. 'बँक' हा शब्द इटालियन 'बांको'पासून आला. बांको म्हणजे बाक. नाणीं बदलून देणारे ज्यावर बसत तें. आपल्या गांवोगांवचा सराफकट्टा आठवा. कट्टा काय आणि बाक काय, बसण्याची जागाच धंद्याचें नांव होऊन बसली. आणि तो सराफ तरी आपला कोठें? तो शब्द अरबीतून आपल्याकडे आलेला. लुका पाचोली नांवाच्या ख्रिस्ती संन्याशानें १४९४ सालीं व्हेनिस येथें गणिताचा मोठा ग्रंथ छापला आणि त्यांत व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची जमाखर्चपद्धति प्रथमच छापील रूपानें विस्तारानें सांगितली. तो त्यानें विद्वानांच्या लॅटिनमध्यें लिहिला नाहीं. व्यापाऱ्यांना समजणाऱ्या इटालियनमध्यें लिहिला. १६०२ सालीं डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली, तिचे शेअर ॲमस्टरडॅमच्या बाजारांत विकले जाऊं लागले, आणि त्या बाजाराचें बारकाईनें वर्णन करणारा पहिला ग्रंथ १६८८ सालीं जोसेफ द ला व्हेगा यानें लिहिला तो स्पॅनिश भाषेंत. जपानांत ओसाका शहरीं दोजिमा येथें तांदुळाचा बाजार होता. तेथील वायद्याच्या सौद्यांना १७३० सालीं शोगुनच्या सरकारनें मान्यता दिली. पैशाचें शास्त्र इंग्रजींत जन्मलेलें नाहीं. तें इंग्रजींत पुष्कळ उशिरां येऊन राहिलें आहे.

हें सर्व ऐकून वडील म्हणाले, "गुरुजी, हा झाला इतिहास. आज त्याचें काय?" तेव्हां मीं त्याला पुढील हकीकत सांगितली, आणि माझ्या मतें साऱ्या प्रश्नाचें मर्म तींत आहे.

लुई बाशलिए हा फ्रान्समधील ल हाव्र बंदराच्या गांवीं १८७० सालीं जन्मला. बाप दारूचा व्यापारी. आईबाप लौकर वारल्यामुळें घरचा धंदा त्याला पहावा लागला आणि शिक्षण लांबलें. पुढें तो पॅरिसला आला, आणि २९ मार्च १९०० रोजीं त्यानें तेथील विद्यापीठांत 'सट्ट्याची उपपत्ति' या विषयावर प्रबंध मांडला. परीक्षकांत हेन्री प्वँकारे यांच्यासारखे त्या काळचे थोर गणिती होते. विषय होता पॅरिसच्या बाजारांतील सरकारी रोख्यांचे वायदे आणि 'प्रीम'चे सौदे, म्हणजे मुंबईच्या बाजारांत ज्यांना तेजी-मंदीचे सौदे म्हणत त्यांचेच भाऊबंद. बाशलिएनें विचारलें तें असें: उद्यांचा भाव वर जाईल कीं खालीं, हें कोणालाच ठाऊक नाहीं, घेणारे आणि विकणारे यांचीं मतें सारखींच तोलाचीं आहेत, मग भाव किती हलेल याविषयीं तरी कांहीं सांगतां येईल काय? त्यानें दाखविलें कीं येईल. भावाचा संभाव्य पल्ला काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत वाढतो. एका दिवसांत जेवढा पल्ला, त्याच्या दुप्पट चार दिवसांत, तिप्पट नऊ दिवसांत. हेंच गणित पाण्यांतील सूक्ष्म कणांच्या वेड्यावांकड्या हालचालीस लावून आइन्स्टाइन यांनीं १९०५ सालीं नांव मिळविलें. बाशलिए त्यांच्या पांच वर्षें आधीं होता, आणि सुरुवात त्यानें बाजारापासून केली होती.

एवढें करून त्याच्या वांट्याला काय आलें? प्रबंध मान्य झाला, पण सर्वोच्च शेरा मिळाला नाहीं. कायमची प्राध्यापकी मिळण्यास १९२७ साल उजाडलें, तीहि बझांसाँच्या लहानशा विद्यापीठांत. १९४६ सालीं तो वारला. अर्थशास्त्रज्ञांना त्याची खरी ओळख पटली ती १९५० नंतर, जेव्हां अमेरिकेंत पॉल सॅम्युएलसन यांच्या हातीं तो प्रबंध पडला. आणि त्याचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें १९६४ सालीं. चौसष्ट वर्षें! १९७३ मध्यें ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनीं तेजी-मंदीच्या सौद्यांची किंमत काढण्याचें जें सूत्र मांडलें आणि ज्याकरितां १९९७ सालीं मर्टन व शोल्स यांना नोबेल पारितोषिक मिळालें, त्या वाटेवरचें पहिलें पाऊल या माणसाचें होतें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. बाशलिए अगदीं अज्ञात होता असें नाहीं. रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनीं १९३१ च्या एका जर्मन निबंधांत त्याचा उल्लेख केलेला आहे. म्हणजे मॉस्कोचा माणूस, जर्मनमध्यें लिहितो आणि फ्रेंच ग्रंथाचा हवाला देतो! गणितज्ञांना भाषा येत होत्या, पण बाजाराशीं त्यांना कर्तव्य नव्हतें. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या इंग्रजी अर्थशास्त्रज्ञांपैकीं बहुतेकांना तो फ्रेंच प्रबंध ठाऊक नव्हता, आणि त्यांतील गणितहि त्यांच्या परिचयाचें नव्हतें. तिन्ही गोष्टी जगांत होत्या. एका डोक्यांत नव्हत्या. तेवढ्यासाठीं अर्धें शतक गेलें.

आणि हें एकच उदाहरण नव्हे. बाशलिएनंतर आठ वर्षांनीं, १९०८ सालीं, ट्रिएस्ट येथील व्हिन्सेंझ ब्रोन्झिन या शिक्षकानें याच विषयावर जर्मन भाषेंत पुस्तक लिहिलें. तेंहि विस्मृतींत गेलें. सर्व पैसा एकाच ठिकाणीं न गुंतवितां तो कसा विभागावा याचें गणित मांडल्याबद्दल अमेरिकन हॅरी मार्कोविट्झ यांची १९५२ पासून कीर्ति आहे. परंतु त्यांतील मुख्य कल्पना विम्याच्या संदर्भांत ब्रुनो द फिनेत्ती या इटालियन पंडितानें १९४० सालींच इटालियनमध्यें मांडली होती. ती इंग्रजी वाचकांपुढें नीट आली २००६ सालीं, आणि मार्कोविट्झ यांनीं स्वतःच मोकळ्या मनानें द फिनेत्तीचा मान मान्य केला. ज्या गणिताच्या आधारें मर्टन यांनीं आपलें सूत्र सिद्ध केलें तें कियोशी इतो यांनीं १९४२ सालीं, ऐन महायुद्धांत, प्रथम जपानी भाषेंत लिहिलें. आज सर्व कांहीं इंग्रजींत मिळतें असें आपण म्हणतों. पण जें मिळत नाहीं तें मिळत नसल्याचें कळण्याचा मार्ग आपल्यापाशीं असतो काय?

आपल्या महाराष्ट्रांतील एक उदाहरण मुद्दाम सांगतों. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ पर्यंत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत होते. त्यांचा मुख्य भर अर्थशास्त्रावर होता. तरी त्यांनीं तेथें घेतलेल्या विषयांत फ्रेंच आणि जर्मन या भाषाहि आहेत. पुढें लंडनला चलनाच्या प्रश्नाचा अभ्यास चालू असतांना त्यांनीं जर्मनींतील बॉन विद्यापीठांत प्रवेश मागितला. त्यासाठीं त्यांनीं जर्मन भाषेंत केलेलें लेखन त्या विद्यापीठाच्या दप्तरांत आहे, आणि १९२२ मध्यें तेथें त्यांचें नांव दाखल झालें होतें. बॉनचा तो अभ्यास पुरा झाला नाहीं. पण १९२३ सालीं लंडनमध्यें 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि केन्स यांच्यासारख्याच्या मताविरुद्ध उभें राहण्याची त्यांची तयारी त्यांत दिसून येते. ज्याच्यापाशीं द्रव्यबळ नव्हतें, ज्याला प्रत्येक दिवसाचा हिशेब ठेवावा लागत होता, त्या माणसानें परकी भाषा ही चैन मानली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

राहिला यंत्राचा आक्षेप. यंत्र भाषांतर करतें, आणि पुष्कळ चांगलें करतें, हें मी नाकारीत नाहीं. पत्र वाचण्यास, बातमी समजण्यास त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु यंत्राला प्रश्न विचारावा लागतो. कोणता प्रश्न विचारावा हें तें सांगत नाहीं. बाशलिएचा प्रबंध ग्रंथालयांत पडून होता, भाषांतरकार जगांत शेंकड्यांनीं होते. नव्हता तो तें पान उघडणारा. शिवाय भाषांतरांत एखादें टिंब किंवा एखादा बिलियन चुकला तर तो ओळखावयास कोणीतरी दोन्ही बाजू जाणणारा लागतोच. तपासणाऱ्याची गरज यंत्रामुळें कमी होत नाहीं. उलट काम जितकें जलद, तितकी चूक दूरवर जाते.

असें असलें तरी प्रत्येकानें भाषा घ्यावी असें मी म्हणणार नाहीं. तिला वेळ लागतो आणि तो वेळ कोठून तरी काढावाच लागतो. युरोपांत २००१ पासून भाषाज्ञानाच्या सहा पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्यांवर बाजारहाट होते, शास्त्राभ्यास होत नाहीं. जर्मन माध्यमाच्या विद्यापीठीय अभ्यासक्रमास बहुधा चवथ्या-पांचव्या पायरीचें ज्ञान मागतात. आणि तेथील पहिल्या पदवीचे अभ्यासक्रम बहुतांशीं जर्मनमधूनच चालतात. दोन पायऱ्या चढून सोडून दिलेली भाषा ही अर्ध्यावर टाकलेल्या विहिरीसारखी. खर्च झाला, पाणी लागलें नाहीं.

विद्यापीठांनीं या जोडीची सोय निरनिराळ्या प्रकारें केली आहे. इंग्लंडांत अर्थशास्त्र 'आणि' जर्मन अशी पदवी असेल तर दोन्ही विषय सारख्या तोलाचे. अर्थशास्त्र 'सह' जर्मन असेल तर भाषा दुय्यम. अशा पदव्या बहुधा चार वर्षांच्या असतात आणि तिसरें वर्ष त्या परदेशांत काढावयाचें असतें. युरोपांत १९८७ पासून इरॅस्मस नांवाच्या योजनेनें विद्यार्थ्यांच्या अशा देवघेवीला सरकारी मदत मिळूं लागली. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें मुख्य विषयाच्या जोडीला दुसरा गौण विषय घेण्याची वाट मोकळी केली, आणि २०२२ मध्यें विद्यापीठ अनुदान मंडळानें एकाच वेळीं दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास अनुमति दिली. ज्यांना विद्यापीठांत ही जोडी साधत नाहीं त्यांच्यासाठीं पुण्यांत रानडे इन्स्टिट्यूट आहे. पुण्या-मुंबईस मॅक्स म्युलर भवन आहे, फ्रेंचसाठीं आलियाँस फ्राँसेज आहे. म्हणजे घरीं राहूनहि हा अभ्यास होऊं शकतो.

मुलीला मीं तीन अटी घातल्या. पहिली, गणित आधीं. भाषेपायीं संभवशास्त्राचा एकहि तास बुडतां कामा नये. दुसरी, चवथी पायरी गांठीपर्यंत भाषा सोडावयाची नाहीं. रोज एक तास, सुटींतहि. तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दोन विषय शेजारीं शेजारीं शिकून पुरत नाहीं. ते एकत्र आणले पाहिजेत. जर्मनीची मध्यवर्ती बँक आपला मासिक अहवाल जर्मन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढते. पहिल्या वर्षापासून त्यांतील एकेक परिच्छेद दोन्ही भाषांत समोरासमोर ठेवून वाचावा, आणि जेथें शब्द अडेल तेथें तो शब्दकोशांतच नव्हे, अर्थशास्त्राच्या पुस्तकांतहि शोधावा.

वडिलांना मीं एवढेंच म्हटलें, "तूं तिला पैसा मोजायला पाठवीत आहेस. पैसा म्हणजे वचन. आणि वचन कोणत्या भाषेंत दिलें आहे, हें वाचतां आलें नाहीं तर तें मोजणार कसें?"

तो कांहीं वेळ गप्प बसला. मग मुलीकडे वळून म्हणाला, "त्या शुल्डचे दोन अर्थ तुला ठाऊक होते?" ती म्हणाली, "हो. पण तुम्ही विचारलें नव्हतें." मुलीचा प्रवेश त्याच आठवड्यांत झाला, दोन्ही विषयांसह. अटी ती कशा पाळते तें तीन वर्षांनीं कळेल. गणिताचे गुण मात्र दर सहा महिन्यांनीं मला आणून दाखवावयाचे, असें मीं तिला बजावून ठेविलें आहे.